तीन तोळे शिसे : जोसेफ व्हिटवर्थची कथा

आमच्या घरी ‘व्हिटवर्थ’ हा शब्द शेर, पायली, खुरपे, कोयता यांच्या पंगतीतला आहे. आमचे आबा कित्येक वर्षे लेथवर काम करतात. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पंपाचा बोल्ट हाती आला की ते आट्यांवरून अंगठ्याचे नख फिरवतात आणि हा मेट्रिक नव्हे, व्हिटवर्थ आहे, असा निकाल देतात. तो निकाल चुकलेला मी पाहिलेला नाही. गेल्या वर्षी मी एन.सी.सी.त दाखल झाले. पॉइंट टू-टू रायफल हाती आली आणि त्या निमित्ताने ग्रंथालयातून बंदुकांच्या इतिहासाचे एक जाडजूड पुस्तक काढून आणले. त्यातही हेच नाव! बोल्टच्या आट्यात राहणारा गृहस्थ बंदुकीच्या नळीत काय करतो आहे, या कुतूहलापोटी मी त्याचे चरित्र धुंडाळले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्रांच्या आणि शस्त्रांच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण इतिहास हा माझा विषय आहे, आणि इतिहास राजेलोकांच्या दरबाराइतकाच कारखान्यांतही घडतो, असे मला वाटते.

जोसेफ व्हिटवर्थ २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी जन्मला. वडील शाळामास्तर होते. जोसेफ दहा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी धर्मोपदेशक होण्याचे ठरवून त्या शिक्षणाची वाट धरली आणि मुले इतरांच्या आसऱ्याला गेली. चौदाव्या वर्षी जोसेफला डर्बीशायरमधील मामाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. भाच्याने हिशेबाच्या वह्या शिकाव्यात, धंद्यात मुरावे, पुढेमागे भागीदार व्हावे, असा मामांचा बेत असावा. भाच्याचा जीव मात्र वह्यांपेक्षा यंत्रांत रमला. गिरणीतले एकूण एक यंत्र त्याने समजून घेतले आणि अठराच्या सुमारास ती आयती भागीदारी सोडून तो मँचेस्टरला निघून गेला. तिथे तो रोजावर काम करणारा साधा कारागीर झाला. पुढे बॅरोनेट झालेल्या, लक्षावधी पौंड कमावलेल्या या माणसाला कॉलेजचे तोंड कधी पाहायला मिळाले नाही.

१८२५ मध्ये त्याने फ्रान्सिस अँकर्स हिच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी लंडन गाठले. त्या काळी यंत्रकामात लंडनच्या हेन्री मॉडस्लीचा कारखाना म्हणजे काशी. तिथे, मग हॉल्टझॅफेल आणि जोसेफ क्लेमेंट यांच्याकडे, व्हिटवर्थने हात घासले. क्लेमेंटच्या कारखान्यात चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग घडत होते, म्हणजे आजच्या संगणकाचा खापरपणजोबाच तिथे जन्म घेत होता. या वर्षांत व्हिटवर्थला एका गोष्टीचा ध्यास लागला : खरोखर सपाट असा लोखंडी पृष्ठभाग कसा करावा? एका पाटावर दुसरा पाट घासला तर दोन्ही एकमेकांना चपखल बसतात. पण एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते बसू शकतात. त्याने तीन पाट घेतले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी ताडून पाहायचा. रंग लावून उंचवटा शोधायचा आणि तेवढाच हाताने खरवडायचा. तिन्ही पाट एकमेकांशी जुळले म्हणजे तिघेही सपाट असलेच पाहिजेत, दुसरा पर्यायच उरत नाही. युक्तिवादाच्या तासाला शोभेल अशी ही सिद्धता एका कारागिराने कानशीच्या पोलादाने मांडली.

१८३३ साली तो मँचेस्टरला परतला, चॉर्लटन स्ट्रीटवर वाफेची शक्ती मिळणारी एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली : जोसेफ व्हिटवर्थ, लंडनहून आलेला हत्यारे बनवणारा. आठ वर्षांनी, १८४१ मध्ये, त्याने पेचांच्या आट्यांसंबंधीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतून पेच गोळा केले, त्यांची सरासरी काढली, आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरवला आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे कायम केले. रेल्वे जिथे जिथे गेली तिथे तिथे हा आटा गेला, आणि तसाच आपल्याकडच्या रेल्वेच्या कारखान्यांत आणि गिरण्यांतही आला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लाखावा भाग ओळखणारे मापनयंत्र मांडले. इथपर्यंतचा व्हिटवर्थ आबांचा. यापुढचा माझा.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू होते आणि इंग्लंडला रायफली हव्या होत्या, त्याही लवकर आणि पुष्कळ. सेनापती होते लॉर्ड हार्डिंग. होय, तेच, १८४४ ते १८४८ हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेले, पहिल्या शीख युद्धातले. रायफली करणारी यंत्रे बनवून द्या, असे व्हिटवर्थला विचारण्यात आले. दुसरा कोणी असता तर त्याने दरपत्रक पाठवले असते. व्हिटवर्थने उलट अडवले : उत्तम रायफल कशी असावी हेच जर निश्चित माहीत नाही, तर यंत्रे कशाची बनवायची? त्याने प्रयोगाची परवानगी मागितली. खर्च सरकारने उचलला, स्वतःच्या श्रमांचा मोबदला त्याने घेतला नाही. मँचेस्टरजवळच्या आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांब, १६ फूट रुंद आणि २० फूट उंच असा झाकलेला बोगदा बांधला, वाऱ्याचा उपसर्ग नको म्हणून! एका वादळाने तो पाडला, पुन्हा उभारला. १८५५ च्या मार्चमध्ये प्रयोग सुरू झाले. बोगद्यात ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले असत. गोळी त्यांतून आरपार जाई आणि प्रत्येक कागदावरच्या भोकावरून तिने हवेत काढलेली वाट मोजता येई. गोळी आडवी होऊ लागली तर भोकाचा आकारच चहाडी करी.

आता प्रश्न नीट समजून घेऊ. त्या वेळची सरकारी रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, आबांच्या भाषेत साडेचार सुतांहून थोडा जास्त. गोळी ५३० ग्रेनची. एका पौंडात ७००० ग्रेन भरतात. म्हणजे ५३० ग्रेन हे जवळजवळ तीन तोळे झाले. आमच्या एन.सी.सी.च्या रायफलीची गोळी ४० ग्रेनची, पाव तोळ्याहूनही किंचित कमी. यावरून तीन तोळ्यांचा शिशाचा गोळा खांद्याला केवढा धक्का देत असेल याची कल्पना यावी.

सरकारने व्हिटवर्थचे हात बांधले होते : नळी ३९ इंच, गोळी ५३० ग्रेन, दारू ७० ग्रेन, यांत फरक करायचा नाही. दूरच्या नेमासाठी गोळी किती जड असावी हा प्रश्न असा सरकारनेच सोडवून टाकला होता. व्हिटवर्थचे बुद्धिवैभव मला इथे दिसते. वजन बदलता येत नाही ना, मग तेच वजन निराळ्या आकारात घालू! तीन तोळे शिशाची सुपारी करता येते, तशी भुईमुगाची शेंगही करता येते. सुपारीला हवेत रुंद वाट कापावी लागते. शेंग टोकाकडून शिरली तर अरुंद वाटेने जाते, आणि मागचे वजन तेवढेच असते. फुगा कितीही जोराने फेकला तरी चार हातांवर थबकतो, लिंबू अंगण ओलांडून जाते; हवेला तोंड द्यायला किती पृष्ठ आहे आणि त्यामागे किती वजन आहे, यावर सारे अवलंबून. हे आकड्यांत मांडता येते. गोळीचे पौंडातले वजन भागिले व्यासाच्या इंचांचा वर्ग, असा हिशेब केला तर एनफील्डचा आकडा ०.२२७ येतो. व्हिटवर्थने व्यास ०.४५१ इंच घेतला, त्याच वजनाला तोच आकडा ०.३७२ झाला. शिसे तेवढेच, दारू तेवढीच, आणि हवा चिरण्याची ताकद दीडपटीहून अधिक.

पण फुकट काहीच मिळत नाही. लांब गोळी हवेत कोलांट्या घेऊ पाहते. बुटका भोवरा थोड्या फिरकीवरही उभा राहतो, उंच भोवऱ्याला जाळी घट्ट गुंडाळून जोराने फेकावे लागते. नळीच्या आत जे पिळाचे आटे असतात ते गोळीला ही फिरकी देतात. एनफील्डचा पीळ ७८ इंचांत एक वेढा, म्हणजे ३९ इंचांच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी अर्धाच फेरा घेई. तिच्या गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीच्याही आत, तिला तेवढा पुरे. व्हिटवर्थची गोळी व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब. त्याने पीळ वाढवत वाढवत पाहिला आणि शेवटी २० इंचांत एक वेढा हा ठरवला, म्हणजे नळीतच जवळजवळ दोन फेरे. शिवाय एवढ्या पिळात मऊ गोळी आट्यांवरून घसरू नये म्हणून नळीचे छिद्रच षटकोनी केले आणि गोळीही तशीच पिळलेली षटकोनी. अशी गोळी म्हणजे नळीच्या नटातून जाणारा एक बोल्टच. पेचांचा माणूस शेवटी पेचाकडेच आला म्हणायचे!

वजन निवडणे म्हणजे लांबी निवडणे, आणि लांबी निवडणे म्हणजे पीळ निवडणे. हे तिन्ही वेगवेगळे प्रश्न नाहीत. एका नळीत जड गोळी घातली तर ती हळू निघते, तिची कमान अधिक उंच ठेवावी लागते, खांद्याला धक्काही जास्त. पण वाटेत वेग कमी गमावते आणि बाजूचा वारा तिला कमी ढकलतो. हलकी गोळी जोरात निघते आणि लवकर दमते. शंभर-दोनशे यार्डांवर हलकी चालते, हजारावर जड. परंतु पीळ पुरेसा नसेल तर जड आणि लांब गोळी पहिल्या कागदातूनच आडवी जाते आणि सगळी बुद्धी वाया. आजही ०.३०८ इंची रायफलीने हजार यार्डांवर नेम धरणारे नेमबाज १५० ग्रेनची गोळी बाजूला ठेवून १७५ किंवा त्याहून जड गोळी घेतात, आणि आधी नळीचा पीळ विचारतात. आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, किंवा राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ पदक मिळवले, ते ५० मीटरवरचे काम. तिथे हा पेच पडत नाही. तिथे पॉइंट टू-टूची लहानशी गोळी आणि श्वासावरचा ताबा, एवढेच.

१८५७ च्या एप्रिलमध्ये हाइथ येथील सरकारी नेमबाजी शाळेत दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. लॉर्ड हार्डिंग आदल्याच वर्षी वारले होते. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आत राहिल्या. ८०० यार्डांवर एनफील्ड चार फुटांच्या वर, व्हिटवर्थ एक फूट. १४०० यार्डांवर एनफील्डची एकही गोळी निशाणाला लागली नाही. व्हिटवर्थच्या लागत होत्या.

ही तारीख वाचून मी थांबले. १८५७ चा एप्रिल! २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला होता आणि १० मेला मीरत पेटणार होते. ज्या एनफील्डच्या चरबीच्या काडतुसांवरून आपल्याकडे वणवा लागला, तिच्याच उणिवा त्याच महिन्यात इंग्लंडच्या समुद्रकाठी शांतपणे फुटपट्टीने मोजल्या जात होत्या. आपल्या शिपायांकडे बहुतांशी जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका. समोरच्यांकडे पीळ असलेल्या एनफील्ड. त्यानंतर कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले, आणि हिंदी शिपायांसाठी एक खास बंदूक निघाली. वरून अगदी एनफील्डसारखी, पण आतली नळी ०.६५६ इंच रुंद आणि गुळगुळीत. पीळच काढून घेतलेला! पाठ्यपुस्तकात उठावानंतरच्या लष्करी फेररचनेविषयी बरेच असते. मला या एका नळीत ते सगळे दिसले.

व्हिटवर्थची रायफल सरकारने घेतली का? नाही. छिद्र फार लहान, काळ्या दारूची काजळी लवकर साचते, काही बारांनंतर गोळी आत ठासणे जड जाते, शिवाय किंमत एनफील्डहून कितीतरी जास्त, असे आक्षेप आले. चरित्रकार बहुधा इथे सरकारी समितीला मूर्ख ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पावसात, चिखलात, थरथरत्या हातांनी बंदूक भरणाऱ्या साध्या शिपायाला ५०० यार्डांवरच्या साडेचार इंचांपेक्षा पंचविसावी गोळी आत जाणे महत्त्वाचे. झाकलेल्या बोगद्यात काजळीचा त्रास होतो, पण जीव जात नाही. उत्तर बरोबर होते, मात्र ते तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत घातलेले होते. १८६२-६३ मध्ये काही हजार व्हिटवर्थ रायफली सैन्यात चाचणीसाठी दिल्या गेल्या, तेवढेच.

प्रतिष्ठा मात्र मिळाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या सामन्यांचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले. व्हिटवर्थने लोखंडी बैठकीवर आपली रायफल आधीच रोखून ठेवली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढायची. ४०० यार्डांवरच्या निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला असणार. नेम व्हिटवर्थचा, नाव राणीचे.

दुसरीकडे हीच रायफल अमेरिकेच्या यादवी युद्धात पोचली. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याने थोड्याशा विकत घेऊन आपल्या निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे उत्तरेचा सेनानी जॉन सेजविक एवढ्या लांबून आलेल्या गोळीने पडला की त्याला तिथे धोकाच वाटत नव्हता. ती गोळी व्हिटवर्थचीच, असे मानले जाते. ही जागा मला अस्वस्थ करते. बोगद्यातल्या कागदाला पडलेले स्वच्छ गोल भोक पाहून आनंदणारा माणूस आणि त्या भोकाचा खरा उपयोग, यांची सांगड त्याने मनात कशी घातली असेल? त्याच्या चरित्रात याचे उत्तर मला सापडले नाही. अचूकतेला स्वतःची अशी जात नसते. जो दोरी ओढील त्याची ती.

पुढे मागून काडतूस भरायच्या रायफली आल्या आणि काजळीचा प्रश्न सौम्य झाला. १८७१ मध्ये इंग्लंडने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. नळी ०.४५ इंच, पीळ २२ इंचांत एक वेढा, गोळी ४८० ग्रेन. ०.४५१ आणि २० शी ताडून पाहा. ज्याला चौदा वर्षांपूर्वी फार लहान म्हटले तेच माप मागच्या दाराने आत आले, नाव मात्र मार्टिनी आणि हेन्रीचे. पुढची पायरी १८८८ ची : ०.३०३ इंच आणि २१५ ग्रेन. वजन निम्म्याहून कमी, तरी व्यास इतका आटला की हवा चिरण्याची ताकद फारशी घटली नाही. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच.

तोफांच्या बाबतीत व्हिटवर्थचे विल्यम आर्मस्ट्राँगशी वैर जुंपले. चाचण्या, समित्या, वर्तमानपत्रांतली पत्रे यांत त्याची कित्येक वर्षे गेली. तो सगळा भाग कंटाळवाणा आहे. त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. तोफेच्या ओतीव पोलादात हवेचे बुडबुडे राहून ती फुटते म्हणून त्याने वितळलेले पोलाद प्रचंड दाबाखाली थिजवण्याची रीत काढली. १८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याआधी १८६८ मध्ये त्याने दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. परीक्षेची अट त्याच्या स्वभावाला साजेशी होती : पुस्तकी विज्ञान हवेच, पण हातातले कसबही दाखवले पाहिजे. कानस चालवणाऱ्या तरुणाला गणिताच्या वर्गात बसण्याचा आणि गणितवाल्याला कानस धरण्याचा हा पहिलाच मोठा रस्ता होता. या शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात. आबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले, मुलींना मिळते का? आता मिळते, तेव्हा ती तरुण पुरुषांसाठीच होती.

पहिली पत्नी गेल्यानंतर १८७१ मध्ये त्याने मेरी लुईझा ऑरेल हिच्याशी विवाह केला. मूलबाळ नव्हते. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे तो वारला. बहुतेक संपत्ती लोकोपयोगी कामांना गेली. मँचेस्टरमधले उद्यान, कलादालन आणि कर्करोगाचे क्रिस्टी रुग्णालय यांना तिचा हात लागला. कारखाना दहा वर्षे स्वतंत्र चालला. १८९७ मध्ये तो आर्मस्ट्राँगच्याच कंपनीत मिळाला, आणि जोडनावात आर्मस्ट्राँग आधी आले, व्हिटवर्थ नंतर.